जुनी मराठी फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडते, पण अक्षरं भलतीच दिसतात: काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही

बेळगावात शहापूरला माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय. दिवाळी झाली की कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून साहित्य संमेलनांची गडबड सुरू होते आणि दुकानात एक तक्रार हमखास येते. कुणीतरी पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "आमची जुनी स्मरणिका आहे यात, पण उघडंना झालीय की ओ." पतसंस्थांचे अहवाल निघायच्या दिवसांतही हेच. गेल्या पाच-सात वर्षांत तर हे वाढलंय, कारण जुनी मशिनं एकेक करून बंद पडली.

यातल्या बहुतेक फाइली खराब झालेल्या नसतात. आत मजकूर पूर्ण असतो. तो वाया जातो तो उघडण्याच्या खटपटीत, आणि बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी हातून, चांगल्या हेतूने. म्हणून सगळ्यात आधी एक करा. मूळ फाइलची कॉपी काढा, मूळ पेनड्राइव्ह बाजूला ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर करा. फाइल उघडून बघताना वर्डने 'बदल सेव्ह करू का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा.

आता पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो.

फाइल उघडतच नाही, वर्ड अडवतो

फाइल वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या वर्डमध्ये केलेली असेल तर नवा वर्ड सुरक्षेसाठी ती अडवतो आणि फाइल ब्लॉक सेटिंगचा संदेश दाखवतो. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, फाइल ब्लॉक सेटिंग्ज असं आत जा. तिथे वर्ड ९५, वर्ड ६ अशी जुन्या प्रकारांची यादी आहे. आपल्या प्रकारासमोरची 'ओपन'खालची खूण काढा, फाइल उघडा, काम झालं की खूण परत घाला. ती अडवणूक उगाच नाही, जुन्या फाइलींतून व्हायरस येऊ शकतो.

याहून सोपा मार्ग म्हणजे लिबरऑफिस, वर्डसारखंच एक सॉफ्टवेअर. फुकट मिळतं आणि जुने वर्ड, मायक्रोसॉफ्ट वर्क्स, वर्डपरफेक्ट यांच्या फाइली बिनतक्रार उघडतं. मी दुकानात दोन्ही ठेवतो आणि जुनी फाइल आधी त्यातच उघडून बघतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. फाइलच्या नावातलं 'डॉक' खोडून 'डॉक्स' लिहिल्याने फाइल नवी होत नाही, उलट उघडायचीच बंद होते. वर्ड २००७ पासून डॉक्स आलं आणि ते आतून पूर्ण वेगळं आहे. वर्डमधल्या 'कन्व्हर्ट'ने डॉकचं डॉक्स नीट होतं, पण त्यात फक्त फाइलचा साचा बदलतो. अक्षरांचा घोळ होता तिथेच राहतो.

फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो

खरा प्रश्न हा आहे.

२००० सालाच्या आसपास आपण जे मराठी टाइप करायचो, ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. तेव्हाच्या फॉन्टमध्ये एका अक्षराला एक बाइट, म्हणजे सगळ्या मिळून २५६ जागा. त्या जागा इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच जागांवर 'क', 'ख', काना, वेलांटी, अर्धा 'स' बसवले. प्रत्येकाने आपापल्या सोयीने बसवले, त्यामुळे एकाच्या फॉन्टमध्ये ज्या जागेवर 'म' आहे, तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये मात्रा असते. फाइलमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजीच, वरून चढवलेला अंगरखा मराठी. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अंगरखा उतरतो आणि आतलं उघडं पडतं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःची ठरलेली जागा देणारी पद्धत, आलं १९९१ मध्ये, त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी चालू लागली ती विंडोज २००० पासून, आणि आपल्याकडच्या दुकानांत विंडोज ९८ त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली. म्हणून २००५-०६ पर्यंतच्या, काही प्रेसच्या तर आजच्याही फाइली जुन्या फॉन्टमध्येच सापडतात.

तेव्हा पहिला शोध फॉन्टच्या नावाचा. त्या काल्यात कुठेही क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचा. फॉन्ट आपल्या मशिनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. 'श्री-देव' आणि पुढे आकडा असेल तर ते श्री-लिपी या टायपिंगच्या पॅकेजचं. 'डीव्ही'ने सुरू होणारी नावं, म्हणजे योगेश, सुरेख वगैरे, ती सीडॅक या सरकारी संस्थेची. याखेरीज शिवाजी, किरण, कृतिदेव, आकृती ही आपल्याकडे नेहमी भेटणारी मंडळी. नाव जसंच्या तसं, आकड्यासकट, कागदावर उतरवून घ्या. सीडॅकच्या फॉन्टमध्ये 'डीव्ही' आणि 'डीव्हीबी' यांत एका 'बी'चा फरक आहे, पण अक्षरांचा नकाशा वेगळा आहे.

काला बघूनही अंदाज येतो. साधी इंग्रजी अक्षरं उलटसुलट पडल्यासारखी दिसली तर शिवाजी किंवा कृतिदेवसारखा फॉन्ट. टोपी, टिंब, शेपटी असलेली परदेशी अक्षरं दिसली आणि मधले इंग्रजी शब्द मात्र व्यवस्थित वाचता आले तर तो बहुधा द्विभाषिक फॉन्ट, ज्यात इंग्रजीची जागा तशीच ठेवून मराठी वरच्या घरांत बसवलेली असते.

अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले तरी घाबरू नका, मजकूर बहुधा शाबूत असतो. प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसल्या तर मात्र थांबा. कुणीतरी ही फाइल साधा टेक्स्ट म्हणून सेव्ह केलेली असते आणि त्या प्रतीतली अक्षरं गेलेली असतात. तिच्यावर वेळ घालवू नका, तिच्या आधीची प्रत शोधा.

आता जे करायचं नाही ते. दोन वर्षांपूर्वी जांबोटीकडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. २००३ सालची गावची स्मरणिका त्यांना पुन्हा छापायची होती, त्यात त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. सांगणाऱ्या बायकांतली एकही आता हयात नाही. पुतण्याने फाइल उघडून बघितली, काला दिसला. त्याला कुणीतरी सांगितलं की मराठीसाठी मंगल हा युनिकोड फॉन्ट लागतो, म्हणून त्याने सगळा मजकूर निवडून फॉन्ट मंगल केला आणि सेव्ह केलं. काला तसाच राहिला, कारण आतली अक्षरं इंग्रजीच होती, आणि मूळ फॉन्टचं नाव मात्र पुसलं गेलं. त्या स्मरणिकेत एक शुभेच्छासंदेश कन्नडमध्ये होता आणि जाहिराती इंग्रजीत. मराठी कुठे संपतं, कन्नड कुठे सुरू होतं, हे फाइलमध्ये फक्त फॉन्टच्या नावावरूनच कळत होतं. आता सगळं मंगल.

गुरुजींकडे मूळ फ्लॉपी होती म्हणून निभावलं. साडेतीन इंची, १.४४ एमबीची. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, तो मी ठेवलाय. फ्लॉपी घालण्याआधी कोपऱ्यातलं सरकतं बटण असं ठेवलं की भोक उघडं दिसेल, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. मग पत्र्याची झडप बोटाने सरकवून आतली तबकडी उजेडात बघितली. खानापूर तालुक्यातल्या पावसात फ्लॉपीवर बुरशी धरते आणि तशीच घातली तर ड्राइव्हचं हेड घाण होतं. ही स्वच्छ होती. अकरा फाइली होत्या, दोन वाचायला तीन-चारदा प्रयत्न करावे लागले, पण सगळ्या उतरल्या. फॉन्टच्या चौकटीत मूळ नावं जशीच्या तशी होती.

म्हणून सांगतो: सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलू नका. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथे फॉन्टचं नाव जात नाही. मोबाइलवर उघडून सेव्ह करू नका. आणि वर्डमध्ये काम करणार असाल तर आधी ऑटोकरेक्ट बंद करा. वर्डला ते इंग्रजी वाटतं. तो वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, सरळ अवतरणचिन्ह वाकडं करतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये त्या प्रत्येक बदलाने एक मराठी अक्षर बदलतं.

फॉन्ट टाकायचा की युनिकोड करायचं?

फक्त वाचायचं किंवा एकदा प्रिंट काढायचं असेल तर मूळ फॉन्ट मिळवून मशिनवर टाका. फॉन्टच्या फाइलवर उजवं क्लिक, 'इन्स्टॉल', वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मजकूर होता तसा दिसतो. कधी कधी फॉन्ट टाकूनही ओळी मागेपुढे होतात, पानं बदलतात. प्रिंटर आणि वर्डची आवृत्ती बदलल्याने तसं होतं, अक्षरांना त्याने काही होत नाही.

पण मजकूर पुन्हा वापरायचा असेल, त्यात शोधायचं असेल, मोबाइलवर वाचायला द्यायचा असेल तर युनिकोड केल्याशिवाय गत्यंतर नाही. माझा आग्रह तोच असतो. त्यासाठी आपल्या फॉन्टचा कन्व्हर्टर हवा, म्हणजे त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं सॉफ्टवेअर. 'मराठी कन्व्हर्टर' असा सरसकट प्रकार नसतो. शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर मराठी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत.

सगळी फाइल एकदम घालू नका. आधी दहा ओळी घ्या, अवघड शब्द असलेल्या, आणि निकाल डोळ्यांखालून घाला. आपल्याच गावांची नावं उत्तम परीक्षा घेतात. बेळगाव, खानापूर कुठल्याही कन्व्हर्टरमधून सरळ येतात. निपाणीचं 'िनपाणी' आणि चिकोडीचं 'िचकोडी' झालं, तर समजा कन्व्हर्टर कच्चा आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी आधी टाइप होते, व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं. तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षर पूर्ण झाल्यावर डोक्यावर ठेवायचा असतो, आणि युनिकोडमध्ये उच्चारासारखा आधी येतो. ही अदलाबदल न करणारा कन्व्हर्टर कर्ले गावाचं 'कलेर्' करतो आणि विद्यार्थ्याचं 'िवद्याथीर्'.

असं दिसलं तर शोधा-बदला वापरून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. शब्दाच्या सुरुवातीची चुकलेली वेलांटी ओळखता येते, पण शब्दाच्या मधली वेलांटी आधीच्या अक्षराची की पुढच्या, हे यंत्राला कळत नाही आणि बरोबर असलेलेही शब्द मोडतात. दुसरा कन्व्हर्टर घ्या आणि पुन्हा सुरुवात करा.

चांगल्या कन्व्हर्टरमधूनही निसटणारी एक गोष्ट म्हणजे आपला अर्धा 'ऱ'. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कन्व्हर्टरमध्ये 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं, 'दऱ्याखोऱ्या'च्या 'दर्याखोर्या' होतात. पतसंस्थेच्या अहवालात शेतकरी पानापानावर असतो, त्यामुळे हे आधी शोधा. हे मात्र शोधा-बदलाने होतं, एकेक शब्द बघून. आंधळेपणाने सगळे 'र्य' बदलले तर 'कार्य' आणि 'सूर्य' बिघडतात. गुरुजींच्या ओव्यांत तर 'वाऱ्या'चा 'वार्या' झाला होता आणि वाचताना ओवी अडखळत होती, म्हणून ती चूक त्यांच्याच कानाला आधी कळली.

'ॲ'कडेही बघा. ॲडव्होकेट, ॲड. ही नावं काही कन्व्हर्टर 'अ'वर वेगळा चंद्र ठेवून तयार करतात. दिसायला सारखं, पण शोधताना सापडत नाही, कारण एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला आणि तो वेगळा मोजला जातो.

आपल्या भागातल्या फाइलींना आणखी एक काळजी लागते. एकाच कागदावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असतं. कन्नड बहुधा नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमध्ये असतं आणि त्याचाही असाच काला दिसतो. सगळी फाइल मराठी कन्व्हर्टरमधून काढली तर कन्नडचा चुराडा होतो आणि इंग्रजी खाते क्रमांकांतून विचित्र मराठी उगवतं. म्हणून फॉन्टनुसार तुकडे करा. वर्डमध्ये एका ओळीवर कर्सर ठेवून होम पट्टीवरच्या 'सिलेक्ट'मधून सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडा, म्हणजे त्याच फॉन्टचं, तशाच आकाराचं सगळं एकदम निवडलं जातं. मराठी वेगळं काढा, मराठी कन्व्हर्टरला द्या. कन्नड वेगळं काढा, नुडीच्या कन्व्हर्टरला द्या, आणि नंतर कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. इंग्रजीला हात लावू नका. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही.

आकडे नेहमी छापील प्रतीशी ताडून बघा. बऱ्याच जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी आकड्यांच्या जागेवर मराठी आकडे असतात, काहींत स्वल्पविराम आणि टिंबाच्या जागी दुसरंच काही असतं. ठेवींची रक्कम, सभासद क्रमांक, जमिनीचा सर्व्हे नंबर हे पडद्यावर बघून पास करू नका. आमच्याकडे एक जण कागद वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवतो.

पन्नासेक पानांच्या आतलं काम असेल आणि स्वच्छ छापील प्रत हाताशी असेल तर कन्व्हर्टरच्या मागे न लागता स्कॅन करून ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेणं, कधी कधी बरं पडतं. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी आणि कन्नड दोन्ही ओळखतं, गूगल ड्राइव्हनेही मराठी चांगलं उतरतं. सायक्लोस्टाइल किंवा पुसट झेरॉक्सवर मात्र वेळ घालवू नका, हाताने टाइप करणं लवकर होतं.

वर्ड नसलेल्या फाइली

स्मरणिका, पत्रिका, दिवाळी अंक हे बहुधा पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. पेजमेकर ७ ही २००१ ची शेवटची आवृत्ती, नंतर ते बंदच झालं. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत उघडतात, पुढच्या इनडिझाइनमध्ये नाही. लिबरऑफिसचा ड्रॉही त्या उघडतो. मांडणी हलते, पण मजकूर काढून घेता येतो. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी घातल्यावर जोडाक्षरं फुटलेली दिसली तर मजकुरात दोष नाही, परिच्छेदाचा कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' करा.

डॉसच्या काळातल्या वर्डस्टारच्या फाइली क्वचित येतात. नोटपॅडमध्ये उघडल्यावर प्रत्येक इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर तेवढं बिघडलेलं दिसलं तर ती वर्डस्टारची. तो शेवटच्या अक्षरावर स्वतःची एक खूण ठेवायचा. जुना प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर नव्या मशिनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्स वापरा. १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ तर ६४ बिटच आहे.

घरात, वाचनालयात किंवा संस्थेच्या कार्यालयात जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल आणि तो अजून सुरू होत असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर पूर्ण उतरवून घ्या. टायपिंगचं पॅकेज विकत घेतलेलं असेल तर त्याची सीडी, बिल आणि मागे पोर्टला लावलेलं कुलूप, ज्याला आम्ही डोंगल म्हणतो, तेही जपून ठेवा. गुरुजींच्या अकरा फाइलींपैकी नऊ एका दिवसात युनिकोड झाल्या. उरलेल्या दोन ज्या फॉन्टमध्ये होत्या तो कुठेच मिळेना. शेवटी तो सापडला त्यांच्या शाळेच्या माळ्यावर, पोत्यात बांधून ठेवलेल्या जुन्या मशिनच्या हार्ड डिस्कमध्ये.